सतरा वेलांट्या

सावळाराम विशे यांच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली आणि ती कादंबरीत छापून आली. त्या चुकीवरून दोन शिकलेली माणसं तीन वर्षं एकमेकांवर लिहीत राहिली, सभांमधून बोलत राहिली, आणि त्यांचे चेलेही दोन्हीकडून कंबर कसून उभे राहिले. ह्या सगळ्यात विशेकाकांचं नाव कुठेच आलं नाही. ते यावं अशी त्यांची फार इच्छा होती, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. ती दोन मोठी माणसं आता हयात नाहीत, त्यामुळे सगळं सांगायला हरकत नाही.

मी त्या वेळी भिवंडीत कुमारशेठच्या छापखान्यात डीटीपी करायचे. माझं नाव मेघाली. छापखान्याच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने होते, त्यामुळे आम्ही सगळे दिवसभर ओरडून बोलायचो आणि घरी गेल्यावरही आवाज खाली यायचा नाही. कामं म्हणजे कापडवाल्यांची बिलबुकं, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. वर्षाकाठी एखादं पुस्तक आलं तर कुमारशेठ पेढे मागवायचा.

विशेकाका पडघ्याच्या आत सहा-सात किलोमीटरवरच्या गावचे. नववी नापास झाले आणि भिवंडीत येऊन कुमारशेठच्या वडिलांकडे खिळे जुळवायला लागले. शिशाचे खिळे, एकेक अक्षर वेगळं, ते उचलून ओळ लावायची. पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, आणि मोठे शेठ काकांना म्हणाले, "सावळाराम, तू आता फक्त वाच." तेव्हापासून ते प्रूफं वाचायचे. मी टाइप करायचं, कागद काढायचा, त्यांनी लाल पेनने खुणा करायच्या, मी त्या दुरुस्त करायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. मला तर सुरुवातीला ते वैरीच वाटायचे.

वाचायची खोड कामापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण काका हॉटेलातल्या दरपत्रकात चुका काढायचे, एसटीच्या पाटीवर काढायचे. एकदा नाक्यावर कोणा पुढाऱ्याच्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता. त्यात ध ला द जोडला होता. खरं तर द ला ध जोडायला हवा. काका भर गर्दीत त्या कार्यकर्त्यांना समजावायला गेले. कार्यकर्ते म्हणाले, "काका, माणूस गेलाय." काका म्हणाले, "माणूस गेला, पर शबुद तर नीट लिवा." मार खाता खाता वाचले. त्यांची बायको, तुळजाकाकू, मला सांगायची, "ह्यांना आरती म्हनताना बघ. देवाकडं लक्ष न्हाय, पुस्तकातल्या चुकांकडं हाय."

अशा माणसाच्या हातून चूक झाली, म्हणून ती एवढी लागली.

राघो केणे आणि काळूराम तरे हे दोघे अंजूरचे. खाडीकाठचे, एकाच वर्गात शिकलेले. केणे सरकारी कचेरीत कारकून होते आणि लिहायचे. तरे शाळेत मराठी शिकवायचे आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहायचे. दोघेही आमच्याकडे एकाच स्कूटरवरून यायचे. तरेसर मागे बसायचे आणि केण्यांच्या खांद्यावरून रस्त्याबद्दल सूचना करायचे. केणे लिहिलेलं प्रत्येक प्रकरण आधी तरेसरांना मोठ्याने वाचून दाखवतात, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण वाद घालत घालत ते छापखान्यापर्यंत यायचे आणि चहा पिऊन पुन्हा वाद घालायचे.

केण्यांची ती कादंबरी २००३ साली आमच्याकडे आली. ठाण्याचा एक छोटा प्रकाशक होता, त्याला स्वस्तात काम हवं होतं. हाताने लिहिलेली तीनशे दहा पानं. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी, भातशेती, त्या राखणारा एक बाप आणि शहराकडे निघालेला मुलगा. मी टाइप करताना दोनदा रडले, हे खरं आहे. केणे पुढे कसेही वागले असले तरी लिहायचे उत्तम.

आता चुकीकडे येते. त्या कादंबरीत एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, उघाडी. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात. त्या बांधाला एक लाकडी दार ठेवतात. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी त्यातून बाहेर जातं, आणि भरतीला खाडीच्या पाण्याच्या रेट्याने ते दार आपलं आपण मिटतं. त्या दाराला उघाडी म्हणतात. कादंबरीतल्या बापाचं काम म्हणजे ती उघाडी सांभाळणं. केण्यांच्या स्वतःच्या बापाचंही तेच काम होतं.

विशेकाका डोंगराकडचे. त्यांच्या गावात वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन, नाचणी, वरई. खाडी त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेली. त्यांना एकच शब्द माहीत, उघाड. पाऊस थांबतो, ऊन पडतं, ती उघाड. आणि गंमत अशी की वाक्यात हे दोन्ही शब्द बहुतेक वेळा एकसारखेच दिसतात. उघाडीवर, उघाडीला, उघाडीत, दोघांचंही तसंच होतं. शब्द एकटा आला तरच फरक कळतो. तसा तो एकटा सतरा ठिकाणी आला होता. काकांना वाटलं, लेखकाने घाईत सतरा वेळा दुसरी वेलांटी जास्त दिली. त्यांनी सतराही वेलांट्यांवर लाल खुणा केल्या. मी सतराही काढल्या. मी भिवंडी गावातली, माझे वडील लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मला तर खाडीही माहीत नाही आणि शेतीही.

शेवटचं प्रूफ काढून आम्ही केण्यांना फोन केला. ते म्हणाले, "विशे वाचतायत ना? मग मी वाचून काय दिवे लावणार?" काकांनी हे वाक्य त्या दिवशी चार जणांना सांगितलं.

तर मूळ हस्तलिखितात होतं, "बापाने जन्मभर उघाडी राखली." छापून आलं, "बापाने जन्मभर उघाड राखली." आणि लोकांना ते भयंकर आवडलं. पाऊस थांबल्यावरचा उजेड जन्मभर राखणारा बाप. वर्तमानपत्रांतून ते वाक्य चौकटीत छापलं गेलं. पुढच्या वर्षी कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, केण्यांनी नोकरी सोडली आणि ते ठाण्याला तलावाजवळ राहायला गेले. पुरस्काराच्या भाषणात त्यांनी प्रकाशकाचे आभार मानले, बायकोचे मानले, कचेरीतल्या साहेबाचेसुद्धा मानले. तरेसर तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं नाव राहून गेलं. मुद्दाम की विसरून, हे केण्यांनाच ठाऊक.

त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात तरेसरांचा लेख आला. कादंबरीची त्यांनी पुष्कळ तारीफ केली होती, पण ती कोणाच्याही लक्षात राहिली नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की खाडीकाठच्या लेखकाला उघाडी आणि उघाड ह्यातला फरक कळत नाही, आणि "लेखक ठाण्याला राहायला गेला आणि बापाची उघाडी विसरला."

हा घाव वर्मी बसला. केण्यांनी महिनाभरात उत्तर लिहिलं. छपाईत चुकलं असेल, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण तसं म्हणायचं तर आपण आपल्याच पुस्तकाचं प्रूफ वाचलं नाही हे कबूल करावं लागलं असतं, आणि लोक तर त्याच वाक्यावर टाळ्या वाजवत होते. त्यांनी लिहिलं, उघाड हा शब्द मी पूर्ण विचाराने योजला आहे. खाडीचं लाकडी दार मी आभाळात नेलं आहे. ज्यांना फूटपट्टीने पुस्तक मोजायची सवय आहे त्यांना ते कसं दिसणार. मग तरेसरांनी फूटपट्टीवर लिहिलं. केण्यांनी मास्तरकीवर लिहिलं. संमेलनात एक व्यासपीठावर असेल तर दुसरा यायचा नाही. अंजूरमध्ये केण्यांचे भाऊबंद तरेसरांना बघून तोंड फिरवू लागले, कारण गावाचं नाव मोठं करणाऱ्याच्या बापाचं नाव त्यांनी काढलं होतं. कॉलेजातल्या एका मुलीने उघाड ह्या प्रतीकावर प्रबंधही लिहिला.

तरेसरांचा तो पहिला लेख छापखान्यात मीच काकांना मोठ्याने वाचून दाखवला होता. उघाडी म्हणजे काय हे त्यात सविस्तर होतं. ऐकता ऐकता काका उठले, माळ्यावर चढले आणि केण्यांचं हस्तलिखित काढून खाली बसले. केण्यांनी ते कधी परत नेलंच नव्हतं. काकांनी एकेक पान पाहिलं. मग मला म्हणाले, "पोरी, सतरा हायत. सगळ्या त्यांनी बरोबर लिवलेल्या. मीच मारल्या."

मी म्हटलं, आपण जाऊन सांगू. कुमारशेठ मध्ये पडला. तो वाईट माणूस नव्हता, पण धंदा करणारा होता. तो म्हणाला, "काका, लेखक स्वतः बोलतो मुद्दाम लिहिलं. मग तुमची चूक कुठे राहिली? गप बसा. उद्या कोण आपल्याकडे पुस्तक देईल?" काका गप बसले. मीही बसले, हे लपवण्यात अर्थ नाही.

गप बसणं त्यांना मानवलं नाही. जेवण कमी झालं. काम चोख करायचे, पण बाहेरचं वाचणं त्यांनी सोडून दिलं. नाक्यावर पुन्हा एक श्रद्धांजली लागली, पुन्हा तशीच चुकीची, आणि काका तिच्याखालून मान खाली घालून गेले. मी मुद्दाम म्हटलं, "काका, वर बघितलंत का?" ते म्हणाले, "मी कोन लोकांच्या चुका काढनारा?" मला तेव्हा केण्यांचा, तरेसरांचा आणि कुमारशेठचा एकदमच राग आला. दोघे भांडून मोठे होत होते आणि इकडे हा माणूस झिजत होता.

अशी तीन वर्षं गेली. २००७ साली पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशकाने कादंबरीची नवी आवृत्ती काढायची ठरवली. केण्यांनी तिला वीस पानांची प्रस्तावना लिहिली, आणि जुन्या ओळखीने ती टाइप करायला आमच्याकडे पाठवली. प्रस्तावना सगळी त्या एका शब्दावर होती. तरेसरांचं नाव न घेता त्यांना "भाषेचा कान नसलेला गृहस्थ" म्हटलं होतं. मी टाइप करून प्रूफ काकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकही लाल खूण केली नाही. कागद नीट लावून माझ्याकडे परत दिले आणि म्हणाले, "रविवारी अंजूरला येशील का माझ्यासंगती? तरेसरांच्या समोर एकट्यानं बोलायचं धाडस व्हत न्हाय."

आम्ही गेलो. रिक्षा आत वळली की पूर्वी दोन्ही बाजूंना शेतं लागायची, असं काका सांगत होते. आता गोदामांचे निळे पत्रे लागत होते. तरेसर निवृत्त झाले होते. ओटीवर एकटेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. काका बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, त्या वेलांट्या मी काढल्या. केणेसरांनी उघाडीच लिवलंय. माझ्याकडं त्यांच्या हातचे कागद हायत."

तरेसर म्हणाले, "मला ठाऊक आहे."

काका तेव्हा ओटीच्या कडेला टेकले.

"राघोने ते प्रकरण मला ह्याच ओटीवर वाचून दाखवलं होतं," ते म्हणाले. "उघाडी बोलला होता तो. लहानपणी आम्ही दोघं त्या उघाडीवर बसून मासे धरायचो. त्याला तो शब्द ठावं न्हाय असं कसं होईल?"

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग सर, तुम्ही असं लिहिलंत कशाला?"

तरेसरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "दोन महिने तो माझा फोन घेत नव्हता. मोठा माणूस झालेला. वाटलं, हे वाचलं की चिडेल, फोन उचलेल, गाढवा, छपाईत चुकलंय म्हणून शिव्या घालील. मग मी पण घालीन. आणि मिटेल. फोन आला नाही. लेख आला. मग मीही लेखच लिहीत गेलो." मग ते म्हणाले, "बापाचं नाव काढायला नको होतं. ते वाक्य सुचलं आणि मोह झाला."

मला वाटतं, लिहिणाऱ्या माणसांना हा मोहच बुडवतो.

सर काकांना म्हणाले, "तुम्ही राघोकडे जा. एवढंच सांगा त्याला. नव्या आवृत्तीत दोन शब्द टाक, छपाईत चुकलं. बस. मी दुसऱ्या दिवशी छापून माफी मागतो. त्याची पण आणि त्याच्या बापाची पण."

परत येताना काका मोकळे दिसत होते. मला म्हणाले, "बघ, एवढं सोपं व्हतं." त्या आठवड्यात त्यांनी एक शुद्धिपत्र तयार केलं. पुस्तकात चुका राहिल्या की शेवटी एक कागद चिकटवतात, तसं. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, पान नंबर, ओळ नंबर, सतरा ओळी. खाली लिहिलं, "वरील सर्व चुका मुद्रितशोधकाच्या आहेत. लेखकाचा दोष नाही. सावळाराम विशे, भिवंडी." मी म्हटलं, टाइप करून देते. ते नको म्हणाले, त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचली, आपलं नाव पहिल्यांदाच छापून येणार ते चुकीखाली, असं मी चिडवलं. ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने ठाण्याला गेलो. काकांच्या पिशवीत हस्तलिखित होतं. ज्या ज्या पानावर तो शब्द होता तिथे त्यांनी कागदाचा कपटा घालून ठेवला होता. केण्यांनी आमचं स्वागत चांगलं केलं. चहा आला, फरसाण आलं. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि टेबलावर प्रस्तावनेचं प्रूफ पडलं होतं.

काकांनी सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. तरेसरांचा निरोपही सांगितला. "तुमी फक्त छपाईत चुकलं एवढं बोला, सर. नाव माझं टाका. मला चालंल." आणि शुद्धिपत्र पुढे केलं.

केण्यांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा पडला हे मी पाहिलं. मग त्यांनी हस्तलिखित मागितलं, पहिला कपटा काढला आणि ते पान बराच वेळ हातात धरून ठेवलं. मला वाटलं, झालं, मिटलं. त्यांनी विचारलं, "काळूराम स्वतः बोलला हे? माफी मागतो म्हणून?"

"मी कानांनी ऐकलं, सर."

"मग फोन का नाही केला त्याने?"

"ते पन तुमच्या फोनची वाट बघत बसले हायत."

केणे खिडकीबाहेर बघू लागले. "विशे, तीन वर्षं मी ह्या शब्दावर बोलत फिरतोय. दिल्लीला बोललो. एका पोरीने प्रबंध लिहिलाय, तिला डिग्री मिळालीय. आता मी सांगू की तो शब्द माझा नव्हताच, छापखान्यातल्या माणसाचा होता? की मी माझं पुस्तक वाचलंसुद्धा नव्हतं?" आवाज चढला नाही. एखादा हिशोबाचा तिढा समजावून सांगावा तसं सांगत होते. "तुम्ही चूक केली नाहीत. तुम्ही ते बरं केलंत. माझ्या मनात तेच होतं, हातून दुसरं लिहिलं गेलं."

काका म्हणाले, "न्हाय सर. तुमच्या हातनं बरोबर लिवलं गेलं."

केण्यांनी शुद्धिपत्राची घडी घातली आणि ते काकांच्या पुढ्यात ठेवलं. मग खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या पानावरची ती वेलांटी खोडली. नुसती रेघ नाही मारली, शाईने भरून काढली. कपटा बाजूला ठेवला, दुसरं पान काढलं. असे ते एकेक पान करत गेले. आम्ही दोघे समोर बसून बघत होतो. चहा तसाच राहिला. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही. स्वतःच्या बापाच्या उघाडीवरची वेलांटी माणूस स्वतःच्या हाताने खोडत होता, आणि तेही ती कधीच नव्हती हे सिद्ध करायला.

कपटे सोळा होते. एका पानावर तो शब्द दोनदा होता, त्यामुळे सतरा जागांना सोळा कपटे. केण्यांनी त्या पानावरची वरची वेलांटी खोडली आणि पुढच्या कपट्याकडे हात नेला. खिळे जुळवणाऱ्याला अक्षरं उलटी वाचायची सवय असते. काका समोरून, उलट्या बाजूने ते पान वाचत होते. त्यांची मान पुढे झाली, तोंड उघडलं, लाल पेन धरायचं ते बोट कागदाच्या दिशेने गेलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"झालं," केणे म्हणाले. "आता चूक नाही." हस्तलिखित त्यांनी कपाटात ठेवून दिलं. दारापर्यंत पोचवायला आले. काळूरामला काय सांगाल, असं विचारलं नाही.

एसटीत खाडीचा पूल आला तेव्हा मी काकांना म्हटलं, "एक राहिली ना?"

"राहिली."

"सांगितलं का नाही?"

"माझं काम चुका दाखवायचं," काका म्हणाले. "ती चूक न्हाय."

अंजूरफाट्याला ते उतरले. मला म्हणाले तू जा घरी, पण मी उतरलेच. तरेसर ओटीवर नव्हते, दारात उभे होते. आमच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं. काकांनी तरीही सगळं जसं घडलं तसं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. केण्यांनी पेन काढलं तिथपर्यंत आल्यावर सर खाली बसले.

"सगळ्या खोडल्या?" त्यांनी विचारलं.

"एक राहिली," काका म्हणाले. "पान दोनशे चौदा, खालनं तिसरी ओळ. बापाने जन्मभर उघाडी राखली. ती त्यांना दिसली न्हाय आन मी बोललो न्हाय."

समोरच्या गोदामात ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती. तरेसरांनी हळूच विचारलं, "राघोच्या अक्षरात हाय?"

"त्यांच्याच."

सर उठले आणि तोंडावर पाणी मारायला आत गेले.